रज्जाकभाईंची दूध-चौकशी

मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात धान्याचे दुकानदार रज्जाक तांबोळी यांचं नाव एकाच गोष्टीसाठी घेतलं जाई. तीस वर्षांत त्यांनी एकही पोतं आत न बघता पास केलं नव्हतं. पोत्याच्या तोंडाशी टपोरा गहू आणि तळाला किडका, हा उद्योग काही आजचा नाही; पण रज्जाकभाई तोंडाकडे बघतच नसत. हातातली टोकदार लोखंडी नळी ते पोत्याच्या बरगडीत खुपसत, मधला माल तळहातावर घेत, फुंकर मारत, एक दाणा दाताखाली फोडत आणि मगच मान हलवत. मान आडवी हलली की गाडी परत, मग माल कुणाचाही असो. स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यांनी बिर्याणीच्या डेगेत वरून नव्हे तर मधूनच चमचा घातला होता, असं हमाल सांगतात. हे साफ खोटं आहे. तो चमचा त्यांनी मेहुणीच्या लग्नात घातला होता.

अशा माणसाने एका मंगळवारी सकाळी, एका हातात चहाचा कप असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जे केलं, त्याला काय म्हणावं? वारज्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निशाताईंनी एक मजकूर टाकला होता. निशाताई म्हणजे वरच्या मजल्यावरच्या, चेअरमन इंद्रजीतरावांच्या पत्नी. मजकुराचं पहिलंच वाक्य होतं, 'बाळ म्हणजे घराचं सुख.' रज्जाकभाईंना तेवढं पुरलं. घरात चार महिन्यांची नात होती, अलिझा नावाची, आणि तिच्यापायी हा गडी हल्ली चहात साखर आहे की नाही हेही विसरत असे. त्यांनी तो मजकूर उचलला, 'तांबोळी खानदान' या त्रेचाळीस नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, खाली 'उत्तम माहिती, सर्वांनी जरूर वाचावी' असं लिहिलं, एक अंगठा जोडला आणि बस पकडायला निघून गेले.

मजकुराच्या मधल्या भागात असं होतं, की आईच्या दुधावर वाढलेल्या मुलांचा बुद्ध्यांक बाटलीवरच्या मुलांपेक्षा सात अंकांनी जास्त असतो, हे संशोधनाने सिद्ध झालं आहे. तरी बाटली देणाऱ्या आयांनी स्वतःच्या सोयीसाठी मुलांच्या भवितव्याशी खेळू नये. शेवटी निशाताईंची स्वतःची भर होती, 'म्हणूनच आमचा ऋषी स्कॉलरशिपला आला.'

अलिझा बाटलीवर होती.

तिची आई सबा, म्हणजे रज्जाकभाईंची सून, एका फार्मसी कॉलेजात शिकवायची आणि सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती. तिला पहिल्यापासूनच दूध कमी आलं. सासूबाईंनी, म्हणजे मुमताजने, हळिवाचे लाडू केले, मेथीचे केले, शेजारणींनी सांगितलेली शतावरी झाली, आणि एवढं सगळं करून दीड महिन्यात होतं तेही आटलं. मग डॉक्टरांनी डब्याची पावडर लिहून दिली, पोरीचं वजन झकास वाढू लागलं आणि सगळे ती गोष्ट विसरून गेले. सगळे म्हणजे घरातले पुरुष.

रोज संध्याकाळची बाटली रज्जाकभाईच पाजत. बाजारातून आले, हातपाय धुतले, की नातीला घेऊन बाल्कनीत बसायचं हा त्यांचा नेम होता. त्या मंगळवारी बाटली सबाच्या खोलीत गेली आणि दार बंद झालं. बुधवारीही तेच झालं. सबा भांडली नाही, रडली नाही, जेवायला वाढताना 'अब्बा, अजून भाकरी?' हेही तिने नेहमीसारखंच विचारलं. पण घरात 'दूध' हा शब्द बंद पडला. मुमताज पिशवी संपली की नुसतंच 'ते आणा' म्हणे, आणि चहात ते किती घालू हे गॅसपाशी उभी राहून कुजबुजत विचारे.

शनिवारी मुलगा अरबाज येऊन शेजारी बसला. अरबाज आयटीत आहे. तो दिवसभर हेडफोन लावून परदेशातल्या लोकांच्या अडचणी सोडवतो, त्यामुळे घरातल्या अडचणी त्याला चार दिवस उशिरा पोचतात. त्याने सांगितलं, की सबा पुढच्या रविवारी अलिझाला घेऊन माहेरी, साताऱ्याला जाणार आहे. कॉलेजला रजा संपल्यावर येणार नाही असं कळवायचं म्हणते आहे. रज्जाकभाईंनी विचारलं, किती दिवस? अरबाज म्हणाला, ते तिने सांगितलं नाही.

तेव्हा त्यांनी तो मजकूर पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. 

आता सरळ मार्ग होता तो म्हणजे सुनेची माफी मागायची. पण माफी मागायची तर आपण न वाचताच पुढे ढकललं हे कबूल करावं लागणार, आणि ते रज्जाक तांबोळीने करायचं म्हणजे हौदाने आपण गळका असल्याचं सांगण्यासारखं होतं. शिवाय सासऱ्याने सुनेपाशी हा विषय काढायचा तरी कोणत्या तोंडाने? म्हणून त्यांनी दुसराच मार्ग काढला. माल तपासायचा. संशोधन किडकं निघालं, तर ते पुराव्यासकट सबापुढे ठेवायचं. सुनेचा जीव हलका होईल आणि आपलं नाकही शाबूत राहील. हातात आठ दिवस होते.

बाजाराच्या रीतीने पहिला प्रश्न, माल आला कुठून? निशाताईंना तो धायरीच्या नणंदेने पाठवला होता. नणंदेला योगाच्या बाईंनी, योगाच्या बाईंना त्यांच्या भाचीने, भाचीला तिच्या मैत्रिणीने. रज्जाकभाईंनी एक दिवस फोनवर घालवला आणि पाचव्या बाईंपर्यंत पोचले. पाचव्या बाईंनी फोन चाळून सांगितलं, की त्यांना तो निशाताईंकडूनच आला होता. एवढंच बरं झालं, की भाचीपाशी असलेल्या मजकुराच्या शेपटीला एका परदेशी नियतकालिकाचं नाव शिल्लक होतं. बाकीच्यांनी ते लांब होतं म्हणून कापलं होतं.

ते नाव घेऊन रज्जाकभाई सदाशिव पेठेत दत्तप्रसाद सरांकडे गेले. सर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. दरवर्षी उन्हाळ्यात ते वर्षाचा गहू रज्जाकभाईंच्या दुकानातून नेत आणि दरवर्षी दिवाळीत त्यात सापडलेले खडे एका पाकिटात घालून, वर संख्या लिहून परत आणून देत. एवढा जुना स्नेह होता. सरांनी मजकूर वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "आपण हे वाचून पाठवलंत?"

रज्जाकभाई म्हणाले, घरातल्या कुणीतरी पाठवलं.

सर म्हणाले, "मग त्या कुणालातरी सांगा, हे नुसतं पोत्यावरचं लेबल आहे. मी लेबलं वाचत नाही. मूळ निबंध आणा."

मूळ निबंध फुकट मिळत नव्हता. सरांनी एका जुन्या संस्थेच्या ग्रंथालयाचा पत्ता दिला. तिथे तो मागवता येतो म्हणाले. तिथल्या खिडकीत एक गृहस्थ होते. त्यांनी एक फॉर्म दिला. संशोधनाचा विषय, संशोधकाची संस्था, मार्गदर्शकाचं नाव. रज्जाकभाईंनी विषयात 'दूध' लिहिलं, संस्थेत दुकानाचं नाव लिहिलं आणि मार्गदर्शक म्हणून दत्तप्रसाद सरांना घातलं. गृहस्थांनी फॉर्म परत सरकवला. मार्गदर्शकाची सही हवी. रज्जाकभाई सरांकडे गेले. सरांनी अर्धा तास विचार करून सही केली आणि खाली कंसात लिहिलं, 'वरील मजकुराशी सहमत असेनच असे नाही.' फॉर्म पुन्हा खिडकीत आला. आता संस्थेचं पत्र हवं, लेटरहेडवर. दुसऱ्या दिवशी दुकानाचं लेटरहेड आलं, ज्यावर गव्हाच्या लोंब्या आणि वजनकाट्याचं चित्र होतं. गृहस्थांनी ते उजेडात धरून पाहिलं.

"भुसार मालाच्या दुकानाचा दुधाशी काय संबंध? दूध भुसारात येत नाही."

तीस वर्षं लोकांच्या मालात खोट काढणाऱ्या रज्जाकभाईंवर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. आपलं पोतं कुणीतरी टोचतं आहे आणि आपण हात जोडून उभे आहोत, हे त्यांना फार लागलं. ते म्हणाले, "पावडर येते."

गृहस्थांनी यावर विचार केला आणि शिक्का मारला. निबंध दुसऱ्या दिवशी मिळाला. चौदा पानं इंग्रजी, त्यातली पाच नुसत्या आकड्यांची.

सरांनी तो एका बैठकीत वाचला. रज्जाकभाई समोरच्या स्टुलावर मांडीवर हात ठेवून बसले होते, निकालाला बसतात तसे. वाचून झाल्यावर सरांनी एक प्रश्न विचारला. समजा, एका गावचे शेतकरी पोती रंगीत सुतळीने शिवतात आणि त्यांचा गहू नेहमी चांगला निघतो. तर श्रेय सुतळीला द्यायचं का?

रज्जाकभाई म्हणाले, सुतळीला कसं? जमीन चांगली असेल, बियाणं चांगलं असेल, पाणी असेल.

सर म्हणाले, इथे तेच झालं आहे. ज्या देशांत हे मोजलं, तिथे मुलाला जास्त दिवस अंगावर पाजणाऱ्या बायका बहुतेक जास्त शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या. त्यांच्या घरात पुस्तकं असतात, मुलांशी बोलायला सवड असते. मुलं चाचणीत पुढे जातात आणि श्रेय दुधाला मिळतं. आईचं शिक्षण, घरची परिस्थिती हे सगळं हिशेबात धरलं की सातातलं पुष्कळसं गळून जातं. ते याच निबंधात नवव्या पानावर लिहिलं आहे, पण नवव्या पानापर्यंत जातो कोण? काही अभ्यासांत थोडा फरक उरतो, काहींत उरत नाही. आईचं दूध चांगलंच, बाळाच्या आजारपणाच्या दृष्टीने तर फारच चांगलं, त्याबद्दल वाद नाही. पण ते मिळालं नाही म्हणून पोर मठ्ठ होईल, असं या कागदावरून म्हणता येत नाही. खरी परीक्षा करायची तर एकाच आईची दोन मुलं घ्यावीत, एक अंगावरचं, एक बाटलीवरचं. जमीन तीच, बियाणं तेच. तशी तुलना केली तर फरक फारच लहान होतो, असं कित्येकांना आढळलं आहे.

इथे थांबायला हवं होतं. शहाणा माणूस इथे थांबला असता. पण दुसऱ्याने बघितलेला माल रज्जाकभाईंनी आजवर घेतला नव्हता. घरी परतताना त्यांनी दोनशे पानी वही विकत घेतली आणि वर लिहिलं, 'सख्खी भावंडं'.

सोसायटीतल्या बायकांना हा प्रश्न विचारणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी बाप्यांना विचारायला सुरुवात केली. बाप्यांना काहीच आठवत नव्हतं. एका बँक मॅनेजरने मोठ्या मुलीचं वय सांगताना दोन वर्षं चूक केली. दुसऱ्याने 'घरी विचारून सांगतो' म्हटलं आणि त्यानंतर तो जिना बदलून जाऊ लागला. वॉचमनने रजिस्टरमध्ये तांबोळी, येण्याचं कारण 'दूध-चौकशी' असं लिहून ठेवलं, आणि त्यावरून सोसायटी दूधवाला बदलते आहे अशी बातमी फुटून रोजचा दूधवाला सकाळी हात जोडून दारात उभा राहिला.

शेवटी त्यांनी मुमताजला गाठलं. मुमताजने आधी कपाळावर हात मारला, मग वही घेतली, मग दोन दुपारी फिरून आली. तिने वही टेबलावर आपटली. "अकरा घरं, बावीस पोरं. बावीसच्या बावीस हुशार. अजून काही मोजायचंय?"

अजून एक माणूस राहिला होता. चेअरमन इंद्रजीतरावांचे वडील दत्तोबा. ही सोसायटी उभी आहे ती जमीन एके काळी त्यांच्याच ज्वारीची. आता ते खाली पार्किंगमधल्या बाकावर बसून ज्वारीच्या जागी लागलेल्या गाड्या मोजत. सोसायटीतल्या समस्त पुरुषांत आपली पोरं काय प्यायली हे आठवत असलेला हा एकटाच निघाला. संध्याकाळची वेळ, बाकावर चारपाच मंडळी, आणि दत्तोबांना कमी ऐकू येत असल्याने ते बोलत ते तिसऱ्या मजल्यापर्यंत जाई.

"थोरला आईचंच दूध प्यालाय की. तीन वर्सं सोडत नव्हता. धाकट्याच्या येळंला ती आजारी पडली, मग त्याला शेरडाचं दिलं. धाकटा डाक्टर हाय आता."

रज्जाकभाईंनी 'शेळीचं दूध' असं लिहून घेतलं आणि सवयीने, मालाची दुसरी बाजूही बघावी म्हणून विचारलं, की थोरला?

"थोरला दहावीला तीनदा बसला."

थोरला म्हणजे इंद्रजीतराव. ते त्याच वेळी लिफ्टमधून बाहेर येत होते. त्यांच्यामागे निशाताई होत्या आणि त्यांच्या हातात ऋषीचा स्कॉलरशिपचा लॅमिनेट केलेला दाखला होता, कारण त्या तो नोटीस बोर्डावर लावायला निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दाखला लागला नाही. त्या जागी नोटीस लागली: 'सोसायटीच्या आवारात सभासदांची व त्यांच्या पाल्यांची बुद्धी पूर्वपरवानगीशिवाय मोजण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.' रज्जाकभाईंनी ती उभ्याने वाचली. वीस वर्षं याच सोसायटीत त्यांच्या सल्ल्याशिवाय कुणी तांदळाचा कट्टा घेत नव्हतं. आता लोक त्यांना पाहून पोरांना आत बोलावत होते. आणि एका शेरडावरून सगळा माल पास करता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? वहीत तेवढी एकच ओळ धड होती.

रविवार उजाडला. सबाची बॅग दारापाशी होती, अरबाज गाडीत हवा भरून आणायला गेला होता. रज्जाकभाईंनी जेवणाच्या टेबलावर निबंध, सरांच्या खुणा, वही असं सगळं मांडलं आणि सबाला बोलावलं. ती अलिझाला खांद्यावर घेऊन समोर बसली. मग रज्जाकभाईंनी गव्हावर बोलायला सुरुवात केली. जमीन, बियाणं, पाणी, सुतळी. दहा मिनिटं ते बोलले आणि त्यात एकदाही दूध आलं नाही. नववं पान त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

सबाने सगळं ऐकून घेतलं.

"अब्बा, हा पेपर मी त्याच दिवशी वाचला. कॉलेजच्या अकाउंटवरून दोन मिनिटांत मिळतो. नववं पानसुद्धा वाचलं."

रज्जाकभाईंना ग्रंथालयाची खिडकी आठवली. हिचं कामच मुळी संशोधन वाचायचं, आणि सबंध घरात, सबंध सोसायटीत, हिला एकदा विचारावं असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी चाचरत विचारलं, मग वाईट कशाचं वाटलं?

"आकड्यांचं काही वाटलं नाही. निशाताई रोज काहीतरी टाकतात, त्यांचंही वाटलं नाही. पण ते तुमच्याकडून आलं. तुम्ही हातात घेतल्याशिवाय गव्हाचा दाणा पुढे जाऊ देत नाही. मला वाटलं, तुम्ही नीट वाचलंत, विचार केलात, आणि मग माझ्याबद्दल तुमचं असं मत झालं. त्रेचाळीस लोकांसमोर."

इतक्या वर्षांत जमवलेली अब्रूच सुनेच्या काळजात रुतून बसली होती. त्या अब्रूच्याच जोरावर तर त्या मजकुराला वजन आलं होतं, आणि ती वाचवण्यासाठी ते आठ दिवस गावभर हिंडत होते. रज्जाकभाईंनी वही मिटली. त्यांना स्वतःची अतिशय लाज वाटली आणि ती त्यांनी लपवली नाही.

"बेटा, मी वाचलंच नव्हतं."

"न वाचता पाठवलंत?"

"पहिल्या ओळीत बाळ होतं. तेवढंच बघितलं."

 या माणसाने असं काही केलं असेल यावर सबाचा विश्वास बसायला वेळ लागत होता. रज्जाकभाईंनी फोन घेतला, चष्मा चढवला आणि तिथेच, एका बोटाने, वीस मिनिटं खपून 'तांबोळी खानदान'वर लिहिलं:

'त्या मंगळवारी मी आईच्या दुधाबद्दल जो मजकूर पाठवला, तो मी न वाचता पाठवला. तीस वर्षांत पहिल्यांदा माल न बघता पास केला. मजकूर खोटा आहे, नववं पान वाचलं तर कळतं. आमच्या सबाने पोरीसाठी जे केलं ते मी घरात राहून बघितलं आहे. तिच्या मनाला माझ्यामुळे लागलं. मी तिची सर्वांसमोर माफी मागतो. रज्जाक.'

पाठवलं आणि फोन उताणा ठेवून ते त्रेचाळीस लोकांच्या हसण्याची वाट बघत बसले. मिनिटभरात फोन थरथरू लागला. सोलापूरच्या मेव्हण्याचा अंगठा आला. पुतण्या अल्ताफचा अंगठा आला. मालेगावच्या फुफीने, म्हणजे आत्याने, लिहिलं, 'छान माहिती.' कुणीतरी गुलाबाचं फूल पाठवलं. एका भाच्याने लिहिलं, 'आमच्या ग्रुपवर पुढे पाठवतो.'

खाली सबाचं एक उत्तर आलं होतं. ती समोरच बसली होती, कधी लिहिलं ते त्यांना कळलंही नाही. 'अब्बा, पूर्ण वाचलं.'

त्यांनी मान वर केली. सबा हसत होती, डोळे पुसत होती, आणि ही दोन्ही कामं एका हाताने होत नव्हती म्हणून तिने अलिझाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. दारातली बॅग आत नेता नेता ती म्हणाली, की कॉलेजला रुजू होण्याची तारीख कळवायची आहे, तोवर जरा धरा. अलिझा दोन मिनिटांत झोपली. सबाचं पत्र लिहून झालं, अरबाज गाडीत हवा भरून परत आला, मुमताजने जेवायला हाक मारली. रज्जाकभाईंचा डावा पाय कंबरेपासून बधिर झाला होता, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.